करिअर पोर्टल शाळेत कसं वापरायचं: नववीच्या पहिल्या लॉगिनपासून अकरावीच्या अर्जापर्यंत

अकरावीला गणित सोडलं की अभियांत्रिकीची वाट बंद होते आणि जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीयची, एवढं बहुतेक पालकांना ठाऊक असतं. पण विज्ञान शाखेत इलेक्ट्रॉनिक्स किंवा पीकशास्त्रासारखा दोनशे गुणांचा द्विलक्षी (बायफोकल), म्हणजे व्यवसायाकडे झुकणारा विषय घेतला, तर दुसरी भाषा आणि गणित-जीवशास्त्रापैकी एखादा विषय बाजूला पडतो, हे किती जणांच्या लक्षात येतं? पुष्कळांना ते थेट प्रवेश परीक्षेचा गट निवडताना कळतं. तोवर दोन वर्षं गेलेली असतात.

माध्यमिक शाळेतल्या करिअर नियोजनाचा गाभा हाच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने आयुष्यभराचा व्यवसाय ठरवून टाकावा, ही अपेक्षाच चुकीची. कोणती दारं उघडी ठेवायची आणि कोणती जाणूनबुजून बंद करायची, एवढंच त्याने ठरवायचं असतं. सगळ्यांत वाईट नुकसान नकळत बंद झालेल्या दाराचं होतं. ऑनलाइन करिअर पोर्टल या कामासाठी फार उपयोगी पडतं. मात्र ‘मी काय होऊ?’ असं त्याला विचारायला गेलात, तर हाती फारसं काही लागत नाही.

पोर्टलवर काय असतं

महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने २०२० मध्ये, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाकरिअर पोर्टल आणलं. त्याआधी, २०१६ पासून काही वर्षं, राज्य मंडळ दहावीच्या मुलांची कल चाचणी घेत असे. तिच्या अहवालात कृषी, कला-मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं असत. या दोन गोष्टींची पालक अजूनही गल्लत करतात. कल चाचणी म्हणजे एकदा द्यायची परीक्षा. पोर्टल म्हणजे वारंवार उघडायचा माहितीचा साठा.

पोर्टल सरकारी असो वा खासगी, त्यात साधारण चार कप्पे असतात: करिअरची माहिती, महाविद्यालयं आणि संस्था, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या. काहींवर आवड किंवा क्षमता तपासणारी चाचणीही असते. मुलं आधी महाविद्यालयांच्या कप्प्यात शिरतात, कारण तिथे फोटो असतात आणि ओळखीची नावं दिसतात. शिक्षकांनी त्यांना आधी करिअरच्या कप्प्यात न्यावं. तिथल्या माहितीत ‘पात्रता’ नावाची एक ओळ असते. सगळ्या पोर्टलमधली सर्वांत मोलाची ओळ तीच.

पहिली तासिका लॉगिनमध्येच का जाते

महाकरिअर पोर्टलवर विद्यार्थ्याची ओळख सरल आयडीने, म्हणजे राज्याच्या ‘सरल’ या शालेय नोंदणी प्रणालीतल्या क्रमांकाने होते. गाडी अडते ती इथेच, आणि अडण्याचं कारण बहुधा पोर्टलमध्ये नसतं, शाळेच्या एक्सेल फाइलमध्ये असतं.

सरल आयडी एकोणीस अंकी आहे. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपतो आणि सोळाव्यापासून पुढच्या अंकांचं शून्य करून टाकतो. म्हणजे यादी उघडून साठवली की प्रत्येक मुलाच्या आयडीचे शेवटचे चार अंक ०००० होतात. नेमके तेच अंक एका मुलाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखायला लागतात. वर्गातल्या साठही मुलांना ‘आयडी चुकीचा आहे’ असा संदेश येतो आणि सगळे म्हणतात, साइट बंद आहे. आयडीच्या जागी दशांशचिन्ह आणि मधे ई अक्षर असलेली आखूड संख्या दिसली, की काय झालं ते ओळखा. नंतर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत. मूळ यादी पुन्हा उतरवून घ्यावी लागते. उपाय सोपा आहे: कोरी शीट घ्या, आयडीचा स्तंभ निवडून त्याचा फॉरमॅट आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच यादी चिकटवा. सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून थेट उघडू नका. डेटाच्या मेनूतून आत घ्या आणि आयडीच्या स्तंभाला तिथेच टेक्स्ट म्हणून सांगा.

दुसरा घोटाळा तीन क्रमांकांचा. मुलांकडे सरल आयडी असतो, केंद्राच्या यू-डायस प्लस या शाळा-नोंदणीतला अकरा अंकी पेन क्रमांक असतो, आणि आता देशभर चालणारा बारा अंकी अपार आयडीही असतो. घरून चिठ्ठीवर भलताच क्रमांक लिहून आणला जातो. अंक मोजायला शिकवा: एकोणीस, अकरा, बारा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पासवर्डचंही तसंच. अशा यंत्रणांमध्ये सुरुवातीला सर्वांना एकच पासवर्ड दिलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलून घ्या, नाहीतर मित्राच्या खात्यात शिरून गंमत करण्याचे प्रकार होतात. नवा पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगा. सुरक्षिततेच्या पुस्तकी नियमात हे बसत नाही, पण नववीच्या वर्गात विसरलेला पासवर्ड ही चोरीला गेलेल्या पासवर्डपेक्षा कितीतरी रोजची अडचण आहे.

आता वेळेचं गणित. वर्गात साठ मुलं आणि कक्षात चालू स्थितीतले दहा संगणक असतील, तर एका संगणकावर दोघं, म्हणजे एका तासिकेला वीस मुलं. पूर्ण वर्ग एकदा बसवायला तीन तासिका लागतात. तिघं-चौघं बसवली तर एकजण माउस धरतो आणि बाकीचे खिडकीबाहेर पाहतात. उरलेल्या चाळीस मुलांना त्याच वेळी वर्गात छापील करिअर-माहिती वाचायला द्या. शिक्षकाने आदल्या दिवशी पंधरा-वीस करिअरची पानं छापून ठेवली, तर वीज किंवा नेट गेल्यावरही तास वाया जात नाही.

घरून वापरायला सांगताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक घरांत स्मार्टफोन वडिलांचा असतो आणि दिवसा तो त्यांच्याबरोबर शेतात किंवा कामावर जातो. ‘आज घरी जाऊन बघा’ म्हणण्याऐवजी आठवड्याची मुदत द्या आणि एकच नेमकं काम द्या: दोन करिअरची पात्रता वहीत उतरवा. फोन घरातल्या चौघांचा असेल तर काम झाल्यावर लॉगआउट करायची सवय लावा.

चाचणीचा निकाल कसा वाचायचा

आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. आवडीच्या बऱ्याचशा चाचण्यांच्या मुळाशी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेली कल्पना असते. कामाच्या आवडींचे त्यांनी सहा गट पाडले: हातांनी आणि यंत्रांशी काम, शोध आणि विश्लेषण, कला, माणसांना मदत व शिकवणं, पुढाकार आणि व्यापार, नोंदी आणि व्यवस्था. अहवालात यांपैकी सर्वांत वरच्या तीन गटांची आद्याक्षरं मिळून एक संकेत तयार होतो.

क्षमता चाचणीचं रूप निराळं. एनसीईआरटी आणि सीबीएसई यांनी नववी-दहावीसाठी केलेली ‘तमन्ना’ चाचणी पाहिली तर तिच्यात भाषिक, शाब्दिक, अमूर्त, यांत्रिक, संख्यात्मक, अवकाशीय आणि आकलनविषयक असे सात घटक आहेत. ‘आवडतं का’ असं ती विचारत नाही. प्रश्न सोडवायला लावते.

निकाल वाचताना चुका होतात त्या बहुधा अशा. पहिल्या क्रमांकाचा गट म्हणजेच करिअर, असं धरलं जातं. पहिल्या आणि तिसऱ्या गटात दोन-तीन गुणांचाच फरक असेल, तर त्या क्रमाला काहीही अर्थ नसतो. तिन्ही गट सारखेच धरा. उलट पहिला गट बाकीच्यांहून खूप वर असेल तर त्याकडे गांभीर्याने पाहा. सहाही गट सारखेच उंच आले तर बहुधा मुलाने भराभर ‘हो’ वर टिचक्या मारल्या आहेत. सगळे गट खाली आले, तर कंटाळा, भूक, भाषा न समजणं अशी कारणं असू शकतात. अशी चाचणी पुन्हा घ्या, त्यावरून शेरा मारू नका.

याहून खोल एक अडचण आहे आणि ती गावाकडच्या शाळांत जास्त दिसते. मुलाने जे कधी पाहिलंच नाही ते आवडतं की नाही, हे तो सांगणार कसं? प्रयोगशाळा पाहिलेली नसेल तर ‘प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का’ याला उत्तर ‘नाही’ येतं. ते नावडीचं ‘नाही’ नसतं, अनोळखीपणाचं असतं. मुलींच्या उत्तरांत आणखी एक थर असतो: ‘यंत्र उघडून दुरुस्त करायला आवडतं का’ याला ‘नाही’ म्हणणारी मुलगी घरातली शिलाई मशीन स्वतः उघडून तेलपाणी करत असते, पण ते ‘यंत्र’ म्हणून तिच्या डोळ्यांसमोर आलेलंच नसतं. म्हणून चाचणीआधी एक तासिका नुसती कामांची ओळख करून देण्यात घालवा. आणि चाचणी नववीत एकदा, दहावीच्या सुरुवातीला एकदा, अशी दोनदा घ्या. दोन्ही वेळी जे गट वर राहतात, त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

उलट्या दिशेने वाचा

आता मुख्य काम. करिअरची माहिती वरून खाली वाचली की ती जाहिरातीसारखी वाटते: काम काय, संधी किती, पगार केवढा. ती शेवटून सुरुवातीकडे वाचायला शिकवा. म्हणजे नोकरीपासून पदवीकडे, पदवीपासून प्रवेश परीक्षेकडे, परीक्षेपासून बारावीच्या विषयांकडे, आणि तिथून अकरावीच्या अर्जातल्या रकान्याकडे. प्रत्येक करिअरसाठी वहीचं एक पान ठेवा आणि त्यावर सहाच गोष्टी लिहा: अकरावीला लागणारे विषय किंवा दहावीनंतरचा कोर्स, प्रवेश परीक्षा, वयाची अट, दहावीनंतरची एकूण वर्षं, लागणारे दाखले, आणि ही वाट धरली तर बंद होणारी दारं. सहावा रकाना कोणतंही पोर्टल भरून देत नाही. तो शिक्षक आणि विद्यार्थ्याने मिळून भरायचा.

समजा, एखादी मुलगी म्हणते, मला गुरांची डॉक्टर व्हायचंय. पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्षाची आंतरवासिता. महाराष्ट्रात ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत नागपूर, परळ, शिरवळ, उदगीर, परभणी इथल्या महाविद्यालयांत शिकवली जाते. प्रवेश ‘नीट’ या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. नीट ७२० गुणांची, त्यातले ३६० एकट्या जीवशास्त्राचे. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. दहावीनंतर एकूण साडेसात वर्षं. आता सहावा रकाना: गणित सोडलं तर अभियांत्रिकी आणि वास्तुकला गेली. कृषी पदवी आणि फार्मसी मात्र राहिली, कारण राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या भौतिक-रसायन-जीव गटातून तिथे जाता येतं. म्हणजे नीटला कमी गुण पडले तरी ही मुलगी रस्त्यावर येत नाही, अट एवढीच की सीईटीचा अर्ज तिने वेळेत भरलेला असला पाहिजे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणं शक्य आहे, दारं सगळी उघडी राहतात, पण अभ्यासाचं ओझं दोन वर्षं वाहावं लागतं. दहावीत गणिताशी झगडणाऱ्या मुलीला ‘असू दे, राहू दे’ म्हणून ते घ्यायला लावू नका.

दुसरं उदाहरण जास्त फसवं आहे: राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. पात्रतेत लिहिलेलं असतं, भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेतून, हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितासह बारावी. हे वाचून मुलगा कला शाखा घेतो. नियमाने तो पात्र आहेच. पण परीक्षेच्या माहितीत गेलं की दिसतं, लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि त्यात गणिताचा स्वतंत्र पेपर ३०० गुणांचा. उरलेला सामान्य क्षमतेचा पेपर ६०० चा, आणि पुढे एसएसबीचे, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीचे ९००. भूदलात जाणाऱ्यालाही गणिताच्या पेपरातून सुटका नाही. म्हणजे पात्रतेच्या ओळीने उघडं दाखवलेलं दार परीक्षेच्या रचनेने जवळजवळ बंद केलेलं आहे. पात्रता आणि परीक्षेचा आराखडा हे दोन्ही कप्पे शेजारी-शेजारी उघडून वाचायचे ते यासाठी. वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे संधी मोजक्याच. आणि तयारीचा एक टप्पा दहावीतच येतो: छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी १९७७ पासून आहे, मुलींसाठी अलीकडे नाशिकला झाली. तिथली निवड अकरावीच्या प्रवेशासाठी असते, त्यामुळे अर्ज दहावीत असतानाच भरावा लागतो. देशभराची माहिती देणाऱ्या पोर्टलवर अशी राज्यातली संस्था सापडेलच असं नाही.

तिसरी वाट आपल्याकडे कमी लेखली जाते: आयटीआय आणि तंत्रनिकेतन. तिचं वर्षांचं गणित मुलांसमोर फळ्यावर मांडा. बारावी विज्ञान करून अभियंता व्हायला २ आणि ४, अशी सहा वर्षं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी: ३ आणि ३, तीही सहाच. दोन वर्षांचा आयटीआय, मग थेट द्वितीय वर्ष डिप्लोमा, मग थेट द्वितीय वर्ष पदवी: २, २ आणि ३, सात वर्षं. फरक फक्त एका वर्षाचा, आणि या शेवटच्या वाटेवर दुसऱ्या वर्षाअखेरीसच हाताला काम देणारं प्रमाणपत्र मिळतं. घरची परिस्थिती मधेच बिघडली तर थांबून कमावता येतं आणि पुन्हा पुढे जाता येतं. सगळेच ट्रेड मात्र या गणितात बसत नाहीत. वीजतंत्री आणि जोडारी दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एका वर्षाचा. पोर्टलवर ट्रेडचं नाव दिसलं की शेजारी किती वर्षं लिहिली आहेत ते आधी पाहा. दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही चालणारे काही ट्रेड आहेत. निकालाच्या दिवशी कोपऱ्यात बसलेल्या मुलाला ही माहिती देणं हे शिक्षकाचं त्या दिवशीचं सर्वांत महत्त्वाचं काम.

शोधताना एक युक्ती: मराठी नाव टाकून काही निघालं नाही तर इंग्रजी नाव टाका, आणि कामाच्या नावाने सापडत नसेल तर पदवीच्या नावाने शोधा. ‘गुरांचा डॉक्टर’ कुठेच सापडणार नाही, ‘व्हेटरिनरी’ लगेच सापडेल.

माहिती जुनी निघते तेव्हा

पोर्टलवरची माहिती कुणीतरी कधीतरी भरलेली असते आणि नियम दरवर्षी हलतात. काही बदल इतके मोठे आहेत की जुनी ओळ वाचून मूल वाट सोडून देईल. एनडीएची दारं सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना उघडली आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. ज्या पानावर अजून ‘फक्त अविवाहित पुरुष’ असं लिहिलेलं असेल, ते पान मुलींच्या वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवणं म्हणजे अन्याय. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र वाढीव विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. महाराष्ट्रात बीबीए, बीसीए, बीएमएससाठी २०२४ पासून सीईटी लागू झाली. तोवर मुलं बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश घेत होती. नंतर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून वेगळ्या पद्धतीने प्रवेश सुरू ठेवले, त्यामुळे एकाच गावातल्या दोन महाविद्यालयांत दोन पद्धती असू शकतात.

म्हणून नियम ठेवा: करिअर शोधायचं पोर्टलवर, आणि वहीत पक्की नोंद करायची ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकावरून. नीटसाठी राष्ट्रीय चाचणी संस्था, एनडीएसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग, राज्याच्या परीक्षांसाठी सीईटी कक्ष. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचं वर्ष मुलांना मोठ्याने वाचायला लावा. गेल्या वर्षीचं पत्रक व्हॉट्सॲपवर फिरत असतं आणि हमखास तेच हाती पडतं.

शुल्क आणि ‘प्लेसमेंट’ यांच्या आकड्यांवर सर्वांत कमी भरवसा ठेवा. ‘सर्वाधिक पगार’ हा एका विद्यार्थ्याचा असतो, वर्गाचा नव्हे.

शिष्यवृत्तीचा कप्पा उशिरा उघडतो

पोर्टल नववीपासून वापरायचं, पण महत्त्वाची एक शिष्यवृत्ती त्याआधीच निघून गेलेली असते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, आठवीत द्यायची असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. नववीच्या शिक्षकाने हा कप्पा उघडला तर हळहळण्याखेरीज काही उरत नाही. तेव्हा हे पान सातवी-आठवीच्या वर्गशिक्षकांच्या हाती आधीच द्या.

दाखल्यांबद्दल तर पोर्टल एका ओळीत उरकतं, ‘आवश्यक कागदपत्रे’, आणि प्रत्यक्षात प्रवेश तिथेच अडतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र. यातलं शेवटचं सर्वांत वेळखाऊ. विज्ञान शाखेत जाणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या मुलांना अकरावीतच त्याच्या तयारीला लावा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून ते वेळेत हाती पडेल, या भरवशावर राहू नका.

सगळ्या दाखल्यांच्या आधीचं काम आणखी साधं आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतं का? वडिलांचं नाव एकीकडे ‘बाळासाहेब’ आणि दुसरीकडे ‘बाळू’, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. अपार आयडी तयार होताना हाच फरक आडवा येतो, पुढे प्रवेशाच्या वेळी पुन्हा येतो. दुरुस्ती नववीत करून घ्या. दहावीचे अर्ज भरल्यावर मंडळाकडून शाळेला प्रीलिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासयादी येते, ती प्रत्येक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासू द्या. गुणपत्रिका छापून आल्यानंतर एक अक्षर बदलायचं म्हणजे विभागीय मंडळाच्या फेऱ्या.

नंबर कुठे द्यायचा, कुठे नाही

सरकारी पोर्टल सोडून मुलं शोधयंत्रातून खासगी साइटवर जातात. तिथे ‘मोफत समुपदेशन’ लिहिलेलं असतं आणि त्याखाली मोबाइल नंबरची चौकट. नंबर दिला की संध्याकाळपासून दूरच्या राज्यांतल्या महाविद्यालयांचे फोन सुरू होतात, ‘मोजक्याच जागा उरल्यात, आज भरा.’ २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलं आहे आणि तिचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा काहीही म्हणो, मुलाने टाकलेला नंबर परत घेता येत नाही. शाळेत एकच नियम करा: माहिती वाचायला नंबर लागत नाही, जिथे लागतो, तिथून बाहेर पडायचं. पैसे घेऊन होणाऱ्या चाचण्यांसाठी शाळेचं सभागृह द्यायच्या आधी अहवालाचा एक नमुना मागून घ्या आणि तो कोण समजावून सांगणार, हे विचारा. समजावणारा माणूस नसेल तर तो रंगीत अहवाल घरातल्या कपाटात जातो.

दहावीच्या वर्षाचं वेळापत्रक

नववीची पहिली सहामाही ओळखीसाठी, दुसऱ्या सहामाहीत चाचणी आणि दहा-बारा करिअरची पानं. दहावीत जून ते ऑगस्ट या काळात दहाची तीन करायची. दिवाळीच्या सुट्टीत त्या तिन्हींपैकी निदान एका करिअरची जागा प्रत्यक्ष पाहायची: तालुक्याचं आयटीआय, जवळचं तंत्रनिकेतन, पशुवैद्यकीय दवाखाना. पालक सभा याच सुमारास, आणि संध्याकाळी, म्हणजे शेतातून आणि कामावरून आलेले आई-वडील बसू शकतील. सभेत पडद्यावर पोर्टल दाखवण्यापेक्षा मुलाच्या हाताने लिहिलेली तीन पानं आई-वडिलांसमोर ठेवा. वाद होतो, पण तो माहितीवर होतो. जानेवारीनंतर पोर्टल उघडायचं नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना करिअरची चर्चा फक्त धास्ती वाढवते.

मग अकरावीचा अर्ज. २०२५-२६ पासून हा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे शहरांपुरती असलेली ही डोकेदुखी आता गावातल्या शाळेचीही आहे. भाग एकमध्ये वैयक्तिक माहिती, भाग दोनमध्ये महाविद्यालयांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मुलगा बाहेर पडतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून लांबचं नाव टाकायचं नाही. घरातून रोज जाता येईल का, एसटीच्या वेळा जुळतात का, हे त्याआधी पाहायचं.

पसंतीक्रमात महाविद्यालय आणि शाखा दिसते, तिथे नेमके कोणते विषय शिकवले जातात ते दिसत नाही. ‘विज्ञान’ लिहिलेलं असूनही हवा तो द्विलक्षी विषय, माहिती तंत्रज्ञान किंवा गणित-जीवशास्त्र दोन्हींची एकत्र तुकडी तिथे नसू शकते. अर्ज भरायच्या आठवडाभर आधी यादीतल्या दहाही महाविद्यालयांच्या कार्यालयात फोन करून विचारायचं: भाषा कोणत्या, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतं का, द्विलक्षी विषय कोणता आणि तो घेतला तर काय सोडावं लागतं. उत्तरं वहीच्या त्याच पानावर, सहाव्या रकान्याखाली लिहायची, आणि अर्ज भरताना ती वही संगणकाशेजारी उघडी ठेवायची.